आदिलाबादची कॅसेट

गेल्या वर्षी नाताळच्या चार दिवस आधी माझ्या एका जुन्या मित्राचा कॅनडाहून निरोप आला. निरोप म्हणजे एकच ओळ, कोंकणीत आणि रोमी लिपीत. देवनागरीत लिहायची तर अशी: "आमची ती टेप आसा मरे तुजेकडेन?" त्याची मुलगी तिकडे कुठल्याशा बँडमध्ये बास गिटार वाजवते. बापाचाही एकेकाळी बँड होता यावर तिचा विश्वास बसत नाही म्हणे. पुरावा हवा.

एवढ्या वर्षांत त्यानं त्या टेपचं नाव काढलं नव्हतं. आमचं भांडण होऊन अबोला होता असं नाही. लग्नाकार्याला भेटायचो, चवथीला आणि नाताळाला एकमेकांची आठवण काढायचो. पण त्या टेपचा विषय दोघंही टाळायचो. त्याची कारणं वेगळी, माझी वेगळी.

टेप माझ्याकडे आहे. कपाटात वरच्या खणात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. फक्त ती आता 'आमची' राहिलेली नाही आणि त्याला कारण मी आहे. हे त्याला एका ओळीत सांगता येण्यासारखं नाही. सांगायचं तर मला आवडलेल्या तीन-चार अल्बमांपासून सुरुवात करावी लागेल. तेव्हा मंडळी, जरा दमानं घ्या.

आमच्या बार्देशात एक सोय होती, जी तेव्हा मुंबई-पुण्याच्या पोरांनाही नव्हती. हणजूणचा बुधवारचा बाजार! गोऱ्यांचे पैसे संपले की ते चटई टाकून अंगावरचं, पाठीवरचं सगळं विकायला बसत. कॅमेरे, चपला, झोपायच्या पिशव्या, आणि कॅसेटी. कॅसेटी सगळ्यात स्वस्त. बहुतेक घरी भरलेल्या, वर पेनानं काहीतरी खरडलेलं. काय लागेल ते नशीब. माझ्या नशिबाला १९८४ साली एका जर्मन पोराच्या चटईवर रामोन्स लागले.

रामोन्स म्हणजे न्यूयॉर्कचे चौघे. सख्खे सोडा, चुलतही नव्हेत, पण चौघांनी आडनाव एकच लावलं. त्यांचा पहिला अल्बम १९७६च्या एप्रिलात निघाला. चौदा गाणी, एकूण एकोणतीस मिनिटं. सगळा अल्बम सुमारे ६,४०० डॉलरात रेकॉर्ड केलेला, म्हणजे तिकडच्या हिशेबानं अगदीच किरकोळीत. त्या काळात मोठमोठे बँड एकेका गाण्यात दहा-दहा मिनिटं गिटारीच्या ताना घेत होते. ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं आणि घरी जाऊन आपली गिटार माळ्यावर टाकावी! रामोन्सनी उलटं केलं. तीन सूर, एक ठेका, दोन मिनिटांत खेळ खलास. ऐकणाऱ्याला वाटावं, अरे, हे तर मलाही जमेल.

पंक म्हणजे काय हे मला आजवर कोणी विचारलं तर मी आमच्या गावच्या भजनी सप्ताहाचं उदाहरण देतो. तिथं आवाज चांगला असो नाहीतर फाटका, पाळी आली की अभंग म्हणावाच लागतो. 'मला येत नाही' ही सबब चालत नाही. पेटीवाला तुमच्या पट्टीत पेटी आणतो, नाही जमलं तर सोडून देतो. केसांचे रंगीत तुरे, कानात टाचण्या वगैरे सगळं नंतरचं. मूळ गोष्ट तेवढीच, की तुझी पाळी आली आहे, म्हण.

पण न्यूयॉर्क लांब होतं. मला खरा धक्का दिला तो शिवोलीनं. शिवोली आमच्यापासून सायकलच्या अंतरावर. तिथल्या रेमो फर्नांडिसनं १९८४ साली 'गोअन क्रेझी' नावाची कॅसेट काढली. आज रेमो म्हटलं की लोकांना हिंदी सिनेमाची गाणी आठवतात, पद्मश्री आठवते. तेव्हा तो आमच्या दृष्टीनं पिवळ्या स्कूटरवरून कॅसेटी विकत फिरणारा माणूस होता. मुंबईत वास्तुशास्त्र शिकलेला, युरोप-आफ्रिका फिरून परत गावी आलेला. त्यानं घरातच चार ट्रॅकच्या एका छोट्या यंत्रावर अख्खा अल्बम केला. ते यंत्र साध्या कॅसेटवरच चालायचं. आधी एक वाद्य वाजवून घ्यायचं, मग ते ऐकत ऐकत दुसरं, मग तिसरं, मग त्यावर गाणं. सगळी वाद्यं स्वतः, आवाज स्वतःचा, वेष्टणावरचं चित्र स्वतःचं, आणि दुकानोदुकानी पोचवायलाही स्वतःच.

आता 'इंडी' हा शब्द पोराटोरांच्या तोंडी असतो. इंडिपेंडंटचं लाडकं रूप. कंपनीशिवाय, आपल्या हिमतीवर काढलेलं संगीत. आम्हाला तो शब्द माहीत नव्हता, पण ती वस्तू आम्ही बघितली होती. स्कूटरवरून येताना! आणि गाणी कशावर होती? गोव्यावर. इथल्या माणसांवर, इथल्या कारभारावर. त्या दिवसांत त्यानं आमच्या बिघडलेल्या टेलिफोनांची टर उडवणारंही एक गाणं केलं होतं, आणि फोन लावून लावून बोटं झिजलेला म्हापशाचा दुकानदार ते ऐकून गल्ल्यावर ठेका धरायचा. गाणं इंग्रजीत, पण दुःख स्थानिक. कोणी तरी दूरचं येऊन आपल्याविषयी गाईल याची वाट बघायची गरज नाही, हे मला त्या कॅसेटनं शिकवलं. लता-किशोर ऐकून ते शिकता आलं नसतं, आणि यात लता-किशोरचा काही दोष नाही.

मग बँड काढला नाही तरच नवल. आम्ही चौघे. दोन ख्रिस्ती, दोन हिंदू. एक गिटार धड, दुसरी चार तारांची (मूळच्या सहातून दोन तुटलेल्या, तोच आमचा बास). ड्रमसेट आणायला पैसे कुठले? मी घरातलं घुमट नेलं. मडक्याच्या एका तोंडावर घोरपडीचं कातडं, दुसऱ्या तोंडावर डावा हात. चवथीच्या आरतीत लहानपणापासून वाजवत आलेलो. माझा मित्र गायचा. त्याच्या घरी मांड्याला व्हायोलीनबरोबर घुमट वाजायचं, तेव्हा त्यालाही ते परकं नव्हतं. रामोन्सचा ठेका घुमटावर धरला तर कसा वाटतो हे शब्दांत सांगता येत नाही. फारसा चांगला वाटत नाही, एवढं सांगतो.

१९८६च्या मे महिन्यात त्याच्या आसगावच्या घरी, भिंतींना गाद्या उभ्या टेकवून, आम्ही आमची गाणी टेप केली. सी-६० कॅसेट. एका बाजूला रामोन्सचा तो पहिला अल्बम उतरवलेला होता. एकोणतीस मिनिटांचा, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला जणू मापानं शिवलेला. दुसऱ्या बाजूला आम्ही. आमची गाणी सहा. चार इंग्रजी, एक मराठी, जे मी लिहिलं होतं, आणि एक कोंकणी, जे त्यानं. मराठी गाणं त्यानंच गायलं. 'ळ' म्हणताना त्याची जीभ अडायची, मी हसायचो, तो पुन्हा म्हणायचा. कॅसेटची वरची दोन्ही प्लास्टिकची पाकळी आम्ही मोडून टाकली, म्हणजे चुकून कोणी त्यावर दुसरं काही भरणार नाही.

त्यानंतर सहा महिन्यांत गोव्यात काय झालं ते माझ्या वयाच्या गोवेकरांना सांगायला नको. राजभाषेचा वाद पेटला. मराठी की कोंकणी. १९८६च्या डिसेंबरात रस्त्यांवर झाडं आडवी पडली, दगड पडले, माणसं मेली. आमच्या बँडमध्ये त्या वादावर एकही मोठं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. मी मराठीच्या सभेला गेलो, तो कोंकणीच्या मोर्चात. दुसऱ्या दिवशी तालमीला दोघंही गेलो नाही. बस, एवढंच. ४ फेब्रुवारी १९८७ला कायदा झाला. कोंकणी राजभाषा, मराठी सरकारी कामात वापरायला मोकळीक. आणि कोंकणी कोणती? तर देवनागरीत लिहिलेली. रोमीत लिहिणारा माझा मित्र ज्या कायद्यासाठी मोर्चात चालला होता त्याच्या दाराबाहेरच राहिला. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. तेव्हा मला फक्त आपण हरलो एवढंच दिसत होतं.

टेप माझ्याकडे राहिली, कारण तालमीच्या शेवटच्या दिवशी ती माझ्या पिशवीत होती.

१९८९ साली बँकेत लागलो आणि पहिलं पोस्टिंग मिळालं आदिलाबाद. तेव्हाचा आंध्र प्रदेश. तेलंगण राज्य व्हायला अजून पंचवीस वर्षं होती. गोव्यात कोणाला ते गाव कुठं आहे हे सांगता येईना. नांदेडहून मीटरगेजची गाडी मुदखेड, भोकर, हिमायतनगर, किनवट करत जायची आणि जिथं रूळ संपायचे तिथं आदिलाबाद. मी मनाची तयारी करून गेलो होतो की आता तीन वर्षं मराठी शब्द कानावर पडायचा नाही. स्टेशनवर उतरलो तर हमाल मराठीत भांडत होते! पैनगंगा ओलांडली की विदर्भ. बाजारात अर्धी माणसं मराठी बोलणारी, कापसाच्या गाड्यांवरचे शेतकरी मराठी, खाणावळीत ज्वारीची भाकरी. राज्यं करताना रेघ कुठंतरी ओढावीच लागते, ती इथं नदीवर ओढली होती. माणसं दोन्हीकडे तीच.

बरोबर टू-इन-वन होता आणि कॅसेटींचा तोच बिस्किटांचा डबा. त्या काळात सर्वात जास्त ऐकला तो क्लॅशचा 'लंडन कॉलिंग'. हाही हणजूणचाच, घरी भरलेला. आदिलाबादची थंडी मला नवीन. समुद्रकाठच्या माणसाला रात्री दोन पांघरुणं घ्यावी लागतात ही कल्पनाच नव्हती. डिसेंबरच्या रात्री खोलीत कंदील (वीज असली तर असली), खिडकीबाहेर सरकी भरलेल्या गाड्यांचे बैल, आणि आत जो स्ट्रमरचा तो घसा बसलेला आवाज.

हा अल्बम १९७९च्या डिसेंबरातला. दोन तबकड्यांचा, पण क्लॅशनी हट्टानं एका तबकडीच्या किमतीत विकायला लावला. कंपनीकडे आधी मागितली जोडीला एक छोटी फुकट तबकडी, आणि कंपनीनं मान डोलावल्यावर ती वाढवत वाढवत अख्खी दुसरी केली. मुखपृष्ठावर बास वाजवणारा पॉल सिमोनन न्यूयॉर्कच्या रंगमंचावर गिटार आपटून फोडतोय. पेनी स्मिथनं काढलेला तो फोटो किंचित हललेला आहे. तिला तो नको होता, बँडला तोच हवा होता. 'लंडन कॉलिंग' हे शब्द बीबीसीचे, युद्धकाळात परमुलखात बातम्या देताना निवेदक म्हणायचे ते. माझे घरमालक निवृत्त शिक्षक, रोज रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी लावत. मला ही गंमत फार वाटायची. भिंतीच्या त्या बाजूला खरं लंडन, या बाजूला माझं.

या अल्बमात पंकवाल्यांनी पंकची चौकटच मोडली. त्यात जमैकाचं रेगे आहे, जुनं रॉक अँड रोल आहे, जाझचा वास आहे. लंडनच्या ज्या वस्त्यांत ते वाढले तिथं शेजारी जमैकाचे होते, तेव्हा शेजाऱ्याचं गाणं त्यांच्या गाण्यात आपसूक आलं. कोणी ठराव करून आणलं नाही. एक गाणं १९३६च्या स्पेनच्या यादवीवर आहे, कवी लोर्काला ज्या यादवीत मारलं तिच्यावर. मी पीक कर्जाच्या कामाला उटनूरकडे जायचो, वाटेत इंद्रवेल्ली लागायची. तिथं २० एप्रिल १९८१ला गोंडांच्या सभेवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृत, इतरांचा साठच्या वर. रस्त्यावरून स्मारकाचा खांब दिसायचा. जीपमधले कोणी त्याच्याकडे बोट दाखवायचे नाहीत. सगळेच एकदम गप्प व्हायचे, आणि खांब मागे पडला की पुन्हा बोलायला लागायचे. त्या रात्री स्पेनचं ते गाणं लावलं की मला त्यातला वेग समजायचा. नाचायला लावील असा ठेका आणि त्याखाली प्रेतं. दुःखाचं गाणं संथच असावं असा आपल्याकडे एक समज आहे, तो माझा तिथं गेला.

या अल्बमाची एक मजा सांगतो. पूर्ण अल्बम पासष्ट मिनिटांचा. माझी कॅसेट साठची. भरणाऱ्यानं एक तबकडी या बाजूला, एक त्या बाजूला उतरवलेली, तेव्हा दोन्हीकडची शेवटची गाणी कापली गेलेली. पहिल्या तबकडीचं शेवटचं गाणं सिमोननचं, म्हणजे मुखपृष्ठावरच्या माणसानंच लिहिलेलं आणि गायलेलं. दुसरीचं शेवटचं इतकं उशिरा घातलं गेलं की वेष्टणावरच्या यादीतही ते नव्हतं. माझ्या सगळ्यात आवडत्या अल्बमातली ही दोन गाणी अस्तित्वात आहेत हे मला २००१ साली सीडी घेतली तेव्हा कळलं. बारा वर्षं मी अर्धवट अल्बमावर प्रेम केलं. तक्रार नाही. पण आता सीडीवर ती दोन गाणी लागली की आपल्या घरात कोणी पाहुणे येऊन बसलेत असं वाटतं.

त्या वर्षांत आदिलाबादच्या चहाच्या टपरीवर एकच आवाज होता, गदरचा. १९९०च्या फेब्रुवारीत तो भूमिगत जगण्यातून बाहेर आला. हैदराबादेत निजाम कॉलेजच्या मैदानावर लाखावर माणूस लोटला आणि त्याच्या कॅसेटी गावोगाव पसरल्या. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात चाळ. मला तेलुगू जेमतेम. पण डप्पूच्या ठेक्यावर ओरडून म्हटलेली ओळ आणि तिला मागच्यांनी दिलेला झेल, हे मला कळत होतं. आमच्या शाखेतल्या दफ्तरीनं एकदा हळूच सांगितलं, "साहेब, हा पण आपल्यातलाच. बँकेत क्लार्क होता." खरंच होता, कॅनरा बँकेत. १९८४ साली नोकरी सोडली. म्हणजे रेमो स्कूटरवर कॅसेटी घालून फिरत होता त्याच वर्षी! त्याच्या राजकारणातलं सगळं मला पटायचं असं नाही, बंदुकीवरची भिस्त तर नाहीच. पण माझी पाळी आली आहे म्हणून मी म्हणणार, ही गोष्ट म्हणाल तर रामोन्सपेक्षा त्याच्यात जास्त होती, आणि त्यासाठी त्यानं किंमतही मोजली. १९९७ साली त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातली एक पाठीत राहिली ती ६ ऑगस्ट २०२३ला तो गेला तोवर. मराठीत अशी जातकुळी शोधायची तर विलास घोगरेकडे जावं लागेल, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.

१९९०च्या दिवाळीत मी उटनूरच्या बाजूला गोंडांची दंडारी पाहिली. गुस्साडी नाचणारे अंगाला राख फासतात आणि डोक्यावर मोरपिसांचा एवढा थोरला मुकुट घालतात की लंडनच्या पंकवाल्यांनी आपले तुरे गुपचूप विंचरून घ्यावेत. (या नाचाचे गुरू कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४च्या ऑक्टोबरात ते गेले.) तिथंच एक म्हातारे किकरी वाजवत होते. किकरी म्हणजे मांडीवर उभं धरून गजानं वाजवायचं तीन तारांचं वाद्य. ते परधान. गोंडांच्या कुळांच्या कथा, कोणत्या कुळाचे देव सात, कोणाचे सहा, कोणाचे पाच, कोणाचे चार, देव गुहेतून कसे सुटले, हे सगळं गाऊन सांगणं परधानांचं वंशपरंपरेचं काम. ते गातात गोंडीत. आणि घरी बोलतात मराठी!

मी नव्यानं ऐकत होतो, त्यामुळं गोव्याहून आणलेली जखम घेऊनच विचारलं, "बाबा, तुमची भाषा कोणती?"

ते म्हणाले, "कायची? घरची का गाण्याची?"

यात त्यांना काही चमत्कारिक बोलल्यासारखं वाटलं नव्हतं. बाजारात तिसरीच, हेही त्यांनी सांगितलं. तेलुगू.

जानेवारी १९९१ मध्ये कर्जमेळाव्यासाठी त्यांच्या गावी मुक्काम पडला. थंडी मरणाची. मी टू-इन-वन नेला होता. त्यांनी विचारलं, "हे मशीन गाणं धरते का, साहेब?" मी हो म्हटलं. आणि माझ्याकडे जी कॅसेट होती तिची मोडलेली पाकळी मी चिकटपट्टीनं बुजवली, बी बाजू वर केली, सुरुवातीपासून रेकॉर्डचं बटण दाबलं.

ही हकीकत मी पुढं अनेकांना सांगितली आहे आणि दर वेळी म्हणालो आहे, की जवळ कोरी कॅसेट नव्हती, काय करणार? ते खोटं आहे. आदिलाबादच्या बसस्टँडसमोरच्या दुकानात काचेच्या कपाटात कोऱ्या कॅसेटी रचून ठेवलेल्या असत. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्या दुकानातून सेल घेतले. कॅसेटींकडे बघितलं. आणि पिशवीत ही कॅसेट टाकली, जिच्या पाकळ्या आम्ही चौघांनी मिळून मोडल्या होत्या. चार वर्षं होऊन गेली होती, पण राग गेला नव्हता. मला आठवत होतं त्याप्रमाणे बी बाजूला पहिलंच गाणं त्याचं कोंकणी होतं. ते आधी जाईल, असा माझा हिशेब.

बाबा सव्वीस-सत्तावीस मिनिटं गायले. मग शेकोटीभोवतीचे सगळे म्हणाले, लावा आता. लावली. स्वतःचा आवाज ऐकून बाबांनी आधी मान हलवली, मग एके ठिकाणी थांबवून म्हणाले इथं चुकलं, तो देव नंतर येतो. बाकीच्यांनीही दुजोरा दिला. पुन्हा सुरू. गाणं संपलं. मी बटण बंद करणार तेवढ्यात खरखर झाली आणि आतून माझा मित्र कोंकणीत ओरडला.

त्याचं गाणं पहिलं नव्हतं. शेवटचं होतं. त्याच्या आधीचं, मधोमध असलेलं, माझं मराठी गाणं बाबांच्या देवांखाली कायमचं गेलं होतं.

माझा हात बटणाकडे गेला तर बाबांनी तो धरला. "राहू द्या." गाणं अर्धं उरलेलं, तीन-साडेतीन मिनिटांचं. ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, एक कान यंत्राकडे करून. मग विचारलं, "हे मटकं कोण वाजवून राह्यलं?"

"मीच."

"मंग इथं काऊन नाही आणलं?"

पुढं किती तरी अल्बम ऐकले. इंटरनेट आल्यावर मिनिटमेन सापडले, कॅलिफोर्नियाचे तिघे, त्यांचा १९८४चा दोन तबकड्यांचा अल्बम. त्यात चाळीसहून जास्त गाणी, बहुतेक दोन मिनिटांच्या आतली. गाणारा डी. बून आणि बासवाला माइक वॉट हे बालमित्र. बून लहानपणी झाडावरून वॉटच्या पुढ्यात पडला, तिथून त्यांची दोस्ती. १९८५च्या डिसेंबरात बून अपघातात गेला, सत्तावीस वर्षांचा. वॉटनं नंतर बास खाली ठेवला, मग पुन्हा उचलला, आणि त्यानंतरच्या मुलाखतींत तो बूनविषयी बोलतच राहिला. तो अल्बम मला ऐकवतो. पण सलग ऐकवत नाही. त्यात दोन मित्र एकमेकांवर ओरडून वाद घालताना ऐकू येतात, तेही गाण्यातच, थांबून नव्हे. आमच्या बँडला तेवढं जमलं असतं तर! आम्ही सभ्यपणे गप्प बसलो.

गदर गेला त्या आठवड्यात मी डबा काढला होता. पट्टी चिकटली होती, पेन्सिलीनं फिरवून मोकळी केली आणि भाच्याकडून बी बाजू संगणकावर उतरवून घेतली. त्यामुळं मित्राचा निरोप आला तेव्हा फाइल तयारच होती. भाचा म्हणाला, सुरुवातीचं कापून फक्त तुमच्या बँडचं पाठवू का? एका मिनिटाचं काम आहे. मी नको म्हटलं. पूर्ण बाजू पाठवली, तीस मिनिटं, किकरीसकट. सोबत काही लिहिलं नाही. काय लिहायचं ते सुचेना.

नऊ दिवस उत्तर नाही. नाताळ गेला, नवं वर्ष उजाडलं. मला वाटलं, कळलं त्याला, आणि बरोबरच आहे. मग एका पहाटे दोन निरोप लागोपाठ आलेले दिसले. पहिल्यात फक्त आकडे, २६ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे त्याचं गाणं जिथं सुरू होतं ती जागा. म्हणजे तिथपर्यंतचं सगळं ऐकलं असणार त्यानं, किंवा निदान मुलीनं.

दुसरा निरोप: "आनी तुजें गीत खंय गेलें?"

महिने झाले, उत्तर दिलेलं नाही. ते गाणं मला आता आठवतही नाही. धृपद कसंबसं जुळवलं, दुसरं कडवं मुळीच सापडत नाही. 'ळ' असलेले शब्द त्यात पुष्कळ होते, तेवढं पक्कं. त्याला आठवत असेल तर त्यालाच विचारावं लागेल.